शिंपीकाकांचं शाईचं पेन

इस्पितळातल्या चादरी आणि डॉक्टरांचे कोट शिवण्यात शिंपीकाकांची तीस वर्षं गेली. निवृत्त झाले त्याच वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. बायको आधीच गेली होती. घरात बोलायला कुणी नव्हतंच, पण बाहेर सगळं वहीवर लिहून दाखवावं लागे. बॉलपेन दाबून दाबून अंगठा ठणकायला लागला, तेव्हा त्यांनी शाईचं पेन घेतलं. दुकानातलं सगळ्यात स्वस्त.

घरी येऊन त्यांनी ते नव्या कात्रीसारखं उलटसुलट पाहिलं. प्लॅस्टिकचं अंग, हाताला लागणारा जोड, क्लिप जरा ढिली. टोपण मात्र टक्कन बसायचं. पहिल्या दिवशी निब बोथट सुईसारखी कागदात अडकली, तिसऱ्या दिवशी सरळ चालायला लागली. हात नुसता ठेवला की शाई उतरायची. एवढ्या पैशांत आणखी काय हवं! हे कुणाला तरी सांगावंसं त्यांना वाटलं.

पंधरा दिवसांत पेन लिहीनासं झालं. दुकानातल्या बाईंनी निब पाण्यात धरली, फडक्याने टिपली.

"पेन ठणठणीत आहे, काका. शाई वाळली होती. किती दिवस लिहिलं नाही?"

काकांनी सहा बोटं दाखवली.

"स्वस्तातल्या पेनांच्या टोपणातून हवा जाते. रोज चार ओळी लिहीत जा."

काकांनी वहीवर लिहिलं, 'कुणाला?'

"कुणालाही. पण लिहा."

कुणी म्हणजे परगावची ताईच. ती दर रविवारी फोन करायची आणि काका फोनवर नखाने टकटक करायचे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. जेवलास का? टक. काही हवंय? टक टक. दोन मिनिटांत फोन संपायचा. काकांनी तिला चार पानी पत्र लिहिलं. तिसऱ्या पानावर कुठेतरी लिहिलं, की घर खायला उठतं, थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का?

रविवारी ताई म्हणाली, "पत्र आलं रे! पण अक्षर मुंगीएवढं, मला काही लागेना. सुनेला वाच म्हटलं, तर म्हणते, तुम्हा भावाबहिणीचं मी कशाला वाचू? काही महत्त्वाचं होतं का?"

काकांनी नख फोनवर टेकवलं. मग दोनदा टकटक केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेवढं एकच वाक्य मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहिलं. अर्धं पान भरलं. ते पाकीट टाकायला मात्र दोन दिवस लागले.

या खेपेला ताईने रविवारची वाट पाहिली नाही. "अरे, विचारतोस कसला? ये. मागची खोली रिकामीच आहे." मग म्हणाली, "किती दिवस राहशील?"

काकांनी त्याच दिवशी बॅग भरायला काढली. कपाटातले सगळे कपडे पलंगावर मांडले, मग त्यातले चार दिवसांचेच घेतले.