सारजाबाईच्या पायातला नारू

घोट्यावर पुन्हा फोड आला, तेव्हा सारजाबाई काय ते समजून चुकली. चकलांब्यात नारू कुणाला नवा नव्हता. आधी कातडीखाली काहीतरी वळवळतं, मग निखारा ठेवल्यागत फोड येतो आणि तो फुटला की पांढऱ्या सुतासारखा किडा डोकं काढतो. तो काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा. घाई केली आणि तुटला, तर पाय नासलाच म्हणून समजा.

तिच्या लेकानं, राधाकिशननं, गेल्या मृगात तीच घाई केली. पेरणी तोंडावर आणि गुडघ्यात नारू. त्यानं दातओठ खाऊन हिसडा दिला. नारू आत तुटला. गुडघा पिकला, दिवाळीपर्यंत वाहत राहिला आणि शेवटी लाकडासारखा ताठ झाला. ठरलेली सोयरीक मोडली. पेरणीची तिफण भावकीच्या हाती गेली.

थंडीत बीडहून सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. चावडीपुढं त्यांनी गावच्या पायऱ्यांच्या बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हाकडं धरलं. पाण्यात कणीहून बारीक जीव उड्या मारत होते.

"नारू झालेला माणूस बारवेत उतरतो, पाय पाण्यात घालतो," डॉक्टर म्हणाले. "पाणी लागलं की नारू आपली पिल्लं सोडतो. हे बारके किडे ती पिल्लं गिळतात. किडे पाण्याबरोबर आपल्या पोटात जातात आणि वर्षानं नारू बाहेर पडतो. नारू झालेल्यानं बारवेत उतरू नये. पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्यावं."

"आमच्या आज्या-पणज्यानं हेच पाणी पेलं, सायेब," रामहरी म्हणाला.

"त्यांच्याबी तंगड्या वाकड्याच व्हत्या की बे!" भगवानरावांनी टोला हाणला. सगळी चावडी हसली.

सारजाबाई हसली नाही. लेकाला नारू झाला त्याच्या आदल्या वर्षी, उन्हाळ्यात, गावात नारू तिला एकटीलाच होता. आग सोसवेना, म्हणून ती रोज बारवेच्या तळच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडायची. जीव निवायचा. मग तिथंच घागर बुडवून ती घरी न्यायची.

आणि आता हा फोड. राधाकिशननं तिला कण्हताना पाहिलं.

"माय, कावून सोसतीस? चल बारवेवर, मी धरतो. पाय सोडला की बरं वाटंल."

"न्हाई."

"अगं, मागं न्हाई का बसायचीस?"

"म्हणूनच न्हाई." तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला. "तुजा गुडघा माज्यामुळं गेला, बाबा. म्या पाय सोडला, अन् तेच पाणी तुला पाजलं."

राधाकिशन भिंतीला धरून उठला. मग ताठ पाय फेकत बाहेर निघून गेला. सारजाबाईनं हाक मारली नाही. कोणत्या तोंडानं मारणार?

बारवेच्या पायऱ्या अशा, की धडधाकट माणसालाही धाप लागावी. दिवस कलला तेव्हा तो परतला. खांद्यावर अर्धी सांडलेली घागर, कोपर खरचटलेलं. त्यानं तिला हाताला धरून घरामागच्या परड्याच्या टोकाला, कोरड्या मातीत बसवलं.

"कर पाय पुढं."

तो हळूहळू पाणी ओतत राहिला. पाणी मातीत जिरत गेलं, बारवेपासून लांब. सारजाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. घागर रिकामी झाली, तरी त्यानं मान वर केली नाही.