टिटवी, उकंडी आन् माही चक्की

झड लागली का मानसाचं तोंड लय चालते. डोणगावापासून कोसभर आमचं गाव. पेरण्या उरकल्या, सोयाबीन वीतभर वर आलं, आन् मंग अशी झड लागली का वावरात पाय ठेवला तं चप्पल गाऱ्यात आन् मानूस पुढं. बैल गोठ्यात, मानसं घरात. अशा टायमाले गावात एकच जागा कोरडी आन् गरम राह्यते, थे म्हनजे माही चक्की.

मी पंजाबराव. पंजाब कुठीसा हाय थे म्या अजून पाह्यलं नाई, पन नाव तेच हाय. तीस वर्सं झाले लोकायचं पीठ दळून राह्यलो. चक्कीचं असं हाय, पट्टा फिराले लागला का कानातलं बी बोंबलून बोला लागते. म्हनून गावातली गुपित गोष्ट माह्या इथी आली का अर्धी आपोआप फुटते. उरलेली अर्धी मी फोडतो, असं माही बायको पुष्पा म्हनते. थे काई खरं नाई. मी आपला कोनी इचारलं तं सांगतो.

तं त्या झडीत सिंधूताई गव्हाचा डब्बा घेऊन तरातरा आली. डब्बा असा आपटला का झाकन उडून माह्या पायावर पडलं.

"पंजाबराव, तुमीच सांगा! टिटवी हे मानसाच्या लेकराचं नाव असते का?"

म्या पट्टा बंद केला. अशा वक्ताले दळन थांबवा लागते.

"कोनाचं नाव टिटवी?"

"माह्या नातीचं! बारसं आठ दिसावर आलं आन् आमची सूनबाई म्हनते, पोरीचं नाव टिटवी ठेवाचं. रातच्याले टिटवी वरडली तं आपून देवाचं नाव घेतो. अपशकुनी पाखरू थे! आन् हे म्हनते, मले तेच पायजे!"

तिची सून म्हनजे समीक्षा. धामनगाव बढ्याकडची पोरगी, बी.एस्सी. शिकलेली. तिचा बाप बैलबाजारातला पक्का दलाल. माहेरचं बाळंतपन करून सव्वा महिन्याची पोर घेऊन आताच आली होती. टिटवीची गोष्ट उन्हाळ्यातली. तवा तिले आठवा महिना. वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या लिंबाखाली बसली होती आन् तिचा नवरा हर्षल ट्रॅक्टरनं नांगरून राह्यला होता. मधात ढेकळात टिटवीचे चार अंडे. थे पाखरू पंख पसरून ट्रॅक्टरासमोर उभं झालं आन् असं बोंबललं का हर्षलनं मुकाट्यानं स्टेरिंग वळवलं. तेवढा तुकडा तसाच राह्यला, पिल्लं पळाले लागले तवा नांगरला. समीक्षा तवाच म्हनली का पोरगी झाली तं टिटवीच. मूठभर पाखरू, पन ट्रॅक्टर मागं फिरवते.

मले तं बाप्पा गोष्ट आवडली होती. पन चक्कीवर आपलं मत सांगाचं नसते, दुसऱ्याचं ऐकाचं असते.

"आन् पोरीची आत्या काय म्हनते?" म्या इचारलं. नाव ठेवाचा मान तं आत्याचाच.

"निशिगंधानं शेगावहून नाव धाडलं नं मोबाईलवर. कि... कियां... काय थे, चांगलं हाय पन."

रांगेत दोन जन उभे होते. कडूबाई म्हनली, "शाळेत पोट्टे सतावतीन वो तिले. अन् लग्नाच्या टायमाले पाव्हन्यायले काय सांगाचं?" सुपडूबुवा म्हने, "असं कुठी नाव असते का बे?"

आता पाहा. एकीचं नाव कडू. दुसऱ्याले जलमल्या जलमल्या मायनं सुपात घालून घरभर वढलं, म्हनून थो सुपडू. आन् हे दोघं टिटवीले हासून राह्यले. आपलं ठेवाचं झाकून आन् दुसऱ्याचं पाहाचं वाकून.

मंग तं गावाले रोजगारच भेटला. जो येते थो पाळन्यात डोकावते आन् एक नाव सांगून जाते. टीव्हीतले नाव, देवायचे नाव, मेलेल्या आजीचं नाव. सिंधूताईनं सुनेशी बोलनं टाकलं. हर्षलचं काय सांगा, मायसमोर बी गाय आन् बायकोसमोर बी गाय. चार दिवसात समीक्षाचं तोंड सुकून गेलं. एवढी शिकलेली पोरगी, पन स्वताच्या लेकराले हाक माराची तं तिच्या मनाची हाक मारता येईना.

पाचव्या दिवशी सिंधूताईचं पीठ न्याले कोनी आलं नाई, म्हनून मीच डब्बा घेऊन गेलो. पुष्पा म्हनली, "आजवर कोनाचा डब्बा पोचवला नाई, आजच कसा पोचवून राह्यले?"

घरात समीक्षा एकटीच पाळना हालवत होती.

"काकाजी," थे हळूच म्हनली, "टिटवी सोडली म्या. लोकं काऊन दुखवाचे?"

"शानी हायस बाई."

"आता आबाचं नाव ठेवनार. उकंडी."

म्या डब्बा खाली ठेवला. आबा म्हनजे तिच्या नवऱ्याचा आजा, उकंडराव. पंच्याऐंशीचा बुढा, घरातलं शेवटचं बोलनं त्याचं.

"उकंडी?"

"हाव. पन काकाजी, कोनाले सांगू नोका. बारशाच्या दिवशी एकदम सांगाचं हाय."

"माह्या पोटात गेलं का विहिरीत गेलं," म्या म्हनलं.

तुमाले खोटं सांगत नाई, म्या फक्त कडूबाईले सांगतलं. थे बी तिनं गजानन महाराजाची शपथ घेतली तवा. तरी संध्याकाळलोक गावभर बोंब झाली. उकंडी! अवो, पोरीले शेनाच्या ढिगाचं नाव! टिटवी बरी म्हनाले लागल्या बाया. पाखरू तरी हाय, उडते तरी. सुपडूबुवा तं म्हने, "म्या पयलेच म्हनलं होतं, टिटवी काई वाईट नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळीच उकंडराव काठी टेकत चक्कीवर आला. धोतर गुडघ्यालोक गाऱ्यानं भरलेलं.

"पंज्या, तुले कोन सांगतलं?"

"आबा, मी तं..."

"चाल. तोंडावर सांग माह्या सुनायच्या."

चक्की तशीच सोडून मी मागं मागं गेलो. निशिगंधा बी त्याच दिवशी शेगावहून आली होती. बुढा ओट्यावर बसला, श्वास घेतला आन् नातसुनेकडं पाह्यलं.

"पोरी, माहं नाव ठेवाचं हाय म्हनते तुले?"

"हाव आबा. तुमच्या मानासाठी."

"मान?" बुढ्याची काठी फरशीवर वाजली. "थो मान कसा असते, सांगू का तुले? माह्या मायचे माह्या आधी चार लेकरं गेले. मी झालो तवा सुईनीनं मले उकंड्यावर नेऊन ठेवलं. शेजारनीनं उचललं, आन् मायनं पसाभर जवारी देऊन मले तिच्याजवळून घेतलं. सटवीले वाटाले पायजे का हे फेकलेलं लेकरू हाय, कोनाले नोको असलेलं. तिनं नाव ठेवलं थे जीव वाचवाले, समजलं? म्हनून म्या कधी बदललं नाई. पन शाळेत पोट्टे नाक धरून माह्याजवळून जात. लग्नात बाया माह्या बायकोले म्हनल्या, घे नाव उखान्यात. थे बिचारी मांडवातच रडली. सारा जलम म्या हे वागवलं. आता माह्या पनतीच्या गयात बांधता काय?"

पाळन्यातली पोर तेवढी हुंकारून राह्यली होती. समीक्षाचे डोये भरून आले, थे म्या माह्या डोयानं पाह्यलं.

"मंग आबा, ठेवाचं तरी काय?" थे म्हनली.

"थे पयलं कोनतं होतं तुहं?"

"टिटवी."

"अवो पन मामाजी, अपशकुनी..." सिंधूताई मधात बोलली.

"कायचा अपशकुन? मैना ठेवता, कोकिळा ठेवता, तं टिटवीनं काय घोडं मारलं? कोकिळा तं स्वताचे अंडे कावळ्याच्या खोप्यात टाकून मोकळी होते. टिटवी ट्रॅक्टरासमोर उभी राह्यते. टिटवीच ठेवाचं. हासतीन त्यायचे दात दिसतीन."

निशिगंधानं मोबाईल वर केला. "आबा, म्या एक नाव..."

"तुह्या मोबाईलवरचं नाव मले कवळीनं म्हनता येत नाई. बस खाली."

झालं. बारशाले पाळना सजला. निशिगंधा वाकली, पोरीच्या कानात कुर्र करून टिटवी म्हनली, आन् रीतीपरमानं बायायनं आत्याच्या पाठीत धपाटे देल्ले. सिंधूताईचा धपाटा जरा जास्तच बसला, नावाचा सारा राग त्यात होता. त्या आवाजानं पोरीनं असं भोकाड पसरलं का गोठ्यातले बैल उठून उभे राह्यले. बुढा टाळ्या वाजवून हासला.

घुगऱ्या वाटता वाटता समीक्षानं माह्या द्रोनात दोन खेपा टाकल्या. "घ्या काकाजी. तुमच्या बिगर हे झालं नसतं."

मी फुगलो. घरी येता येता पुष्पा गाऱ्यातच थांबली आन् पदर तोंडाले लावून हासाले लागली.

"अवो, तिचा बाप कोन हाय?"

"दलाल. काऊन?"

"दलाल पयले लंगडा बैल दाखवते. गिऱ्हाईक नाई नाई म्हनते. मंग थो आपल्या मनातला बैल बाहेर काढते. तुमाले तिनं 'कोनाले सांगू नोका' म्हनलं. साऱ्या गावात तुमालेच काऊन म्हनलं असन?"

घरी जाईलोक मले सारं समजलं. राग आला बाप्पा. सकाळीच समीक्षाले जाऊन इचारलं, "काऊन वो, आन् बुढा 'ठेव उकंडी' म्हनला असता तं?"

थे हासली नाई. टिटवीले खांद्यावर घेऊन म्हनली, "तं ठेवलं असतं काकाजी. आबाची गोष्ट मले कुठी माईत होती? आता माईत झाली तं वाटते, थे बी नाव काई वाईट नोतं."

माहा राग तिथीच गेला.

आता दिवाळी तोंडावर आली. कापूस फुटला. माही स्वताची सून प्रणिता, तिले सातवा महिना लागला. आन् थे समीक्षाची पक्की मैत्रीण. परवा चहा घेऊन आली, दाराकडं पाह्यलं, आन् हळूच म्हनली, "मामाजी, एक सांगू का? पोरगं झालं तं आमी तुमचंच नाव ठेवनार. पंजाब. पन कोनाले सांगू नोका."

पयले तं छाती अशी भरून आली का काय सांगू. माहं नाव! मंग चहाचा दुसरा घोट घेतला आन् डोक्यात उजेड पडला. म्हनजे आता लंगडा बैल मी? मी बोंब मारू, गावानं नाक मुरडावं, पुष्पानं कपाय बडवावं, आन् मंग हिनं आपल्या मनातला रेयांश का फेयांश बाहेर काढावा?

तवापासून म्या तोंडाले कुलूप लावलं. कडूबाई रोज इचारते, "काऊन पंजाबराव, काई ताजी खबर?" मी म्हनतो, "गहू ओला हाय तुहा." आठ दिवस झाले, पोट असं दुखून राह्यलं का रातभर झोप नाई. पन गावात बोंबच झाली नाई तं हे नाव मोडन कोन?

प्रणिता रोज चहा देता देता इचारते, "मामाजी, कोनाले सांगतलं तं नाई नं?"

"नाई बाई. तुही शपथ."

तिचं तोंड दिवसादिवसानं उतरून राह्यलं. आन् मी मनातल्या मनात माह्या नातवाले हाका मारून राह्यलो: पंजाब, इकडं ये. पंजाब, पट्ट्याजवळ जाऊ नोको.

तुमाले सांगतलं थे एवढ्यासाठी, का तुमी आमच्या गावचे नाई. तरी बी, कोनाले सांगू नोका.