भोंगा कुठे वाजणार?

अंबरनाथच्या एमआयडीसीला लागून असलेल्या वस्तीत यशोधरा लहानाची मोठी झाली. वडील कारखान्यात ऑपरेटर, आई सगुणाबाई घरातच पाळणाघर चालवायची. अधूनमधून कुठल्यातरी कारखान्यातून वायू सुटायचा. डोळे चुरचुरायचे, पोरं खोकून बेजार व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस येऊन सांगायचा, "आमच्याकडे काही झालेलं नाही. तुमच्या नाल्याचाच वास असेल."

यशोधरा इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झाली, मुंबईत नोकरीला लागली, तरी ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही. २००७ साली तिने नोकरी सोडली आणि कॉलेजची मैत्रीण सुनेत्रा हिला सोबत घेऊन एक यंत्र बनवलं. हवेत विषारी वायू आला की ते ओळखायचं, जोरात भोंगा वाजवायचं आणि आसपासच्या लोकांच्या मोबाइलवर एसेमेस पाठवायचं. यंत्राची जुळणी यशोधराने केली, प्रोग्रॅम सुनेत्राने लिहिला.

त्याच सुमाराला नवा उद्योग सुरू करणाऱ्यांना भांडवल देणारा बीजनिधी जाहीर झाला. केमिकल आणि जीन्सच्या धुलाईवर हा पट्टा किती वर्षं जगणार, इथे नव्या तंत्रज्ञानाच्या कंपन्या उभ्या राहायला हव्यात, असं जाहिरातीत म्हटलं होतं. पैसा सरकारी, पण निवड करणार स्थानिक कारखानदारांची समिती. दोघींनी अर्ज केला आणि त्यांना बोलावणं आलं.

समितीच्या अध्यक्षांचा स्वतःचा रंगाचा कारखाना होता. यशोधराने यंत्रासमोर अमोनियाची बाटली उघडली, तसा भोंगा असा काही किंचाळला की दोघा-तिघांनी कानांवर हात ठेवले. अध्यक्ष खूश दिसले.

"झकास! अशाच पोरी हव्यात आपल्या गावाला. निधी तुमचाच समजा. फक्त एक छोटा बदल करा. हा भोंगा वस्तीत नको. कारखान्याच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये वाजू दे, मेसेजही त्यालाच जाऊ दे. तो खात्री करेल आणि मग ठरवेल, लोकांना सांगायचं की नाही."

"आणि तो ठरवेपर्यंत लोकांनी श्वास घ्यायचा नाही का, सर?" यशोधराने विचारलं.

"मॅडम, पॅनिक होतं. उद्या इन्व्हेस्टर पळाले तर नव्या कंपन्या येणार कुठून? तेवढा बदल करून द्या, पुढच्या आठवड्यात चेक घेऊन जा."

बाहेर पडल्यावर सुनेत्रा आनंदात होती. यशोधराचा चेहरा पाहून ती थबकली.

"यशू, पैसे घेऊ या. कंपनी उभी राहू दे, मग हवं तसं करू."

"कधी? एकदा त्यांचा पैसा आत आला की आपलं कोण ऐकणार? आपण हे कोणासाठी बनवलं, सांग ना."

"तुला बोलायला सोपं आहे. मी कुळगावला घरी गेले की रोज तेच. शेतात येत नाही, नोकरी करत नाही, पोरगी करते काय? मी थकले गं."

यशोधराला तिचं दुखणं कळत होतं, पण यंत्रात बदल करायला तिने समितीला नकार कळवला. सुनेत्रा त्यावर भांडली नाही. महिनाभरात ऐरोलीच्या एका कंपनीत लागली आणि परत आली नाही.

निधी अध्यक्षांच्या भाच्याला मिळाला. केमिकलचे रोजचे भाव दाखवणारी वेबसाइट त्याने काढली होती. ‘नव्या अर्थव्यवस्थेचं पहिलं पाऊल’ अशा मथळ्याखाली हारतुऱ्यांसकट त्याचा फोटो छापून आला. यशोधराने तो पेपर आईसमोर आदळला. "बघ! गोण्या त्याच, नुसतं लेबल बदललंय. आणि म्हणे नवी अर्थव्यवस्था!"

शेजारच्या भिमाबाई तेव्हा घरात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांच्या चेकवाचून तुझं ते यंत्र वाजत नाही का? माझ्या पत्र्यावर लाव. बघते कोण काढतो."

यशोधराने दुसऱ्याच दिवशी ते लावलं.

जानेवारीतल्या एका दुपारी भोंगा वाजला. पहिल्यांदा कोणाला कळेना, मग भिमाबाई ओरडत गल्लीतून धावल्या. सगुणाबाईने पाळणाघरातली लेकरं दोन्ही काखांत उचलली, बाकीची बायांनी उचलली, आणि बहुतेक वस्ती बुद्धविहाराच्या पलीकडच्या मैदानात गेली. मागून पिवळट धूर आला आणि घरांवरून सरकत गेला. लोकांना बाहेर काढत भिमाबाई आणि काही बाया मागे राहिल्या होत्या, त्यांचे डोळे सुजले, पोरं मात्र बचावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी यशोधराला चौकीवर बोलावलं. अफवा पसरवून लोकांना घाबरवल्याची तक्रार होती. आत जाऊन पाहते तर समितीचे अध्यक्ष इन्स्पेक्टरांसमोर चहा पीत बसलेले.

"मी तेव्हाच सांगितलं होतं ना?" ते गोड आवाजात म्हणाले. "पण अजून वेळ गेलेली नाही. निधीचा दुसरा हप्ता येतोय. तो बदल करा, ही तक्रार मी बघतो."

यशोधरा टेबलापाशी गेली.

"तुम्ही बघता? काल आमची पोरं मेली असती तर तेही तुम्हीच बघणार होतात का? हा पैसा कशाला आलाय, सर? या गावाने केमिकलपलीकडे काही करावं म्हणून ना? आणि तुम्ही तो केमिकल झाकायला वापरताय! लाज वाटत नाही तुम्हाला?"

"आवाज खाली," इन्स्पेक्टर म्हणाले.

तेवढ्यात भिमाबाई बायांना घेऊन आत शिरल्या. त्यांचे स्वतःचे डोळे सुजून बारीक झाले होते. त्या टेबलावर वाकल्या आणि म्हणाल्या, "साहेब, नीट बघा. अफवेने असं होतं का?"

इन्स्पेक्टरांनी एकेकीच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि यशोधराला सोडलं. यंत्र मात्र ‘तपासासाठी’ ठेवून घेतलं. ते तिला कधीच परत मिळालं नाही. पुढच्या आठवड्यात सरकारी अधिकारी हवा तपासायला आले. त्या दिवशी कारखाना बंद ठेवला होता. हवा स्वच्छ असल्याचं त्यांनी लिहून नेलं.

यशोधराने नवं यंत्र बनवलं. मग मागच्या गल्लीने एक मागितलं. चिखलोलीच्या नव्या इमारतींतल्या लोकांनाही रात्री वास येत होता, त्यांच्या सोसायटीने दोन घेतली. कंपनी म्हणजे ती आणि मदतीला एक वायरमन, एवढीच राहिली, पण चालली.

दोन वर्षांनी अध्यक्षांचा फोन आला. निधीच्या कार्यक्रमात यशस्वी स्थानिक उद्योगांचा फलक लावायचा होता. भाच्याची वेबसाइट केव्हाच बंद पडली होती.

"तुमचं नाव टाकतो, मॅडम. गावाचा अभिमान आहात तुम्ही."

"टाका," यशोधरा म्हणाली. "पण त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहा की हिला आम्ही निधी दिला नाही, आणि का दिला नाही तेही लिहा. मग मी स्वतः येऊन फलकाशेजारी उभी राहते आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवते."

पलीकडून फोन ठेवला गेला. राग तिच्या कानशिलांत ठणकत होता. पत्र्यावर नवं यंत्र घेऊन वायरमन थांबला होता. तिने पदर खोचला आणि शिडी चढायला लागली.