भेगाबाई कुठवर आल्या?

तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि भेगेचं टोक घड्याळाच्या तबकडीखालून बाहेर डोकावताना दिसलं तशी ती गच्चीतल्या उलट्या बादलीवर टेकली. समोरच्या पार्कमधल्या मनोऱ्याच्या माथ्यावरून निघालेली ही भेग मध्यंतरी तबकडीआड गेली होती, तेव्हापासून सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. आता बाईसाहेब खाली उतरल्या होत्या.

फोटो तिने ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "भेगाबाई आल्या."

मग काय विचारता! जुन्या थीम पार्कच्या मागच्या अंगाला पत्रे ठोकून कंपनी एक नवा विभाग बांधत होती, आणि त्यात काय असणार याबद्दल कंपनीने तोंडातून ब्र काढला नव्हता. कंपनी गप्प म्हणून लोक बोलत होते. पार्कवर जीव टाकणारे हजारो जण त्या ग्रुपवर होते. कोणी आत जाणाऱ्या ट्रकवरचे पाइप बघून पाण्याची सफर ओळखायचा, कोणी झाडांच्या कुंड्या बघून जंगल. आणि ज्याला काहीच दिसायचं नाही तो सगळ्यात जास्त बोलायचा. पण पत्र्यांच्या वरून थेट आत बघता येईल अशी गच्ची तिच्या एकटीचीच होती, म्हणून तिचं नाव पडलं गच्चीवाली. खालच्या खोलीत ती कपडे सैल-घट्ट करून द्यायची. दिवसभर मान मोडून शिवणाऱ्या बाईला हजार माणसं "ताई, आज काय दिसलं?" विचारतात, हे सुख काही कमी नव्हतं.

भेगाबाईची गोष्टही तिचीच. मशीनवर पाय चालत असताना सुचलेली. एक शहर भूकंपाने गिळलं. राहिला फक्त घंटेचा मनोरा, कारण घंटा वाजवणाऱ्या बाईने दोर सोडला नाही. मनोऱ्यावर एक दोर लोंबताना तिने पाहिला होता, त्यावरून ही बाई. कंपनी मुद्दाम दर आठवड्याला भेग थोडी थोडी रंगवून वाढवते. भेग खालच्या कमानीला टेकली की जमीन उघडणार आणि सफर पाताळात जाणार. ग्रुपने ती गोष्ट डोक्यावर घेतली.

संध्याकाळी धाकटा भाऊ कामावरून आला. तो त्याच पत्र्यांच्या आत कामाला होता. त्याचं काम म्हणजे नव्याचं जुनं करणं: कोऱ्या लोखंडावर रंगाने गंज चढवायचा, कोऱ्या भिंतीवर शेवाळ. आतलं बाहेर बोलणार नाही असं त्याने लिहून दिलं होतं, आणि आजवर तिने विचारलं नव्हतं, त्याने सांगितलं नव्हतं. घरात पार्कचं नाव निघायचं नाही. पण आज तिच्याने राहवेना. जेवताना ती म्हणाली,

"एक बोलू? रागावशील?"

"पार्कचं असेल तर रागावेन."

"विचारत नाहीये, कौतुक करतेय. मनोऱ्यावरची ती भेग काय रंगवलीस रे! खरीच वाटते."

त्याने घास तोंडात टाकला आणि चावून झाल्यावर म्हणाला, "ती माझी नाही. मी गंज आणि शेवाळ केलं. भेगा रात्रपाळीवाला करतो. हात चांगला आहे गड्याचा."

एवढंच. ती मनातून जराशी खट्टू झाली. इतके दिवस ती भेग आपल्या घरची समजून चालली होती.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यानेच विषय काढला. चप्पल काढता काढता तो हसत होता.

"ताई, गंमत ऐक. रात्रपाळीवाला गेटवर भेटला. म्हटलं, भेग झकास जमलीय. तर तो म्हणतो, मी हेच तुला म्हणणार होतो! त्याला वाटलं, माझी. माझी समजून त्याने कडांना शेवाळही लावून दिलं."

तिचा पाय मशीनवरच थांबला.

"मग केली कोणी?"

"असेल तिसरा कोणी. सतरा माणसं, सतरा पाळ्या."

"साहेबांना विचारलंस?"

"विचारलं ना. सुपरवायझर म्हणाले, नकाशातच आहे, मुळात गोष्टच तशी आहे. भूकंपाने शहर गिळलेलं असतं, आणि त्या घंटा वाजवणाऱ्या बाईने दोर सोडलेला नसतो..." त्याने जीभ चावली. "हे मी बोलायला नको होतं."

 तिने कात्री उचलली आणि पुन्हा ठेवली.

"मनोऱ्यावर तो दोर लोंबतो, तो कशाचा रे?"

"तो होय? रंगाच्या बादल्या वर ओढून घ्यायचा. आमचाच."

"ती घंटेवाली बाई मी केलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या डोक्यातून आलीय ती. त्या दोरावरून. मला कोणी सांगितलं नव्हतं."

"मग तुझा नेम बरोबर बसला," तो म्हणाला. "शाबास."

"नेम कसला बसतोय, बाबा! तुझा साहेब आमच्या ग्रुपवर असणार. माझंच वाचून तो तुला सांगतोय, आणि तू मला येऊन सांगतोयस. नकाशा कोणी बघितलाय? तू बघितलास?"

धाकट्याचं हसू गेलं. तो बराच वेळ आपल्या नखांत अडकलेला हिरवा रंग काढत बसला.

"उगाच घाबरवू नको, ताई," तो शेवटी म्हणाला. "एवढे इंजिनियर आहेत तिथे."

"त्यांनाही वाटत असेल, रंगाऱ्याने केलीय म्हणून. तुम्ही तिथे खोट्या भेगा काढता. खरी आली तर ओळखायची कोणी? उद्या तिला नख लावून बघ. रंग असेल तर नख आत जाणार नाही."

"बघतो."

"शपथ?"

"बघतो म्हटलं ना."

सकाळी तो गेला आणि ती गच्चीवर धावली. भेग कमानीपासून हातभर अंतरावर येऊन ठेपली होती. नुसती उतरली नव्हती, रुंदावलीही होती. तबकडीपाशी तर काळ्या रेघेच्या पोटात पलीकडचा उजेड दिसत होता. रंगाच्या आरपार उजेड कसा दिसेल?  धाकट्याला फोन लावावा तर आत जाताना सगळ्यांचे फोन काढून घेतात. तिने ग्रुपवर लिहिलं: "गोष्ट मी रचलेली होती. भेग खरी आहे. आत माणसं आहेत. कंपनीत कोणी ओळखीचं असेल तर आत्ता कळवा."

उत्तरं धो धो आली.

"गच्चीवालीला कंपनीने गाठलं."

"आजवर छातीठोक सांगत होत्या आणि आज एकदम कानावर हात? म्हणजे नेम बसला, लोकहो."

"ताई, दबाव असेल तर नुसता हिरवा ठिपका टाका. आम्ही समजून घेऊ."

तिने ठिपका टाकला नाही; तर ठिपका टाकण्याचीही भीती वाटते, इतका दबाव आहे, असं ठरलं.

तिने पार्कच्या कार्यालयात फोन केला. पलीकडच्या मुलीचा आवाज मधात बुडवून काढलेला.

"आपल्या उत्सुकतेबद्दल आभार. नव्या विभागाच्या कथानकाविषयी आम्ही काहीही सांगू शकत नाही."

"कथानक नाही हो, भिंत फाटलीय."

"भेगेबद्दल आम्हाला रोज फोन येतात, मॅडम. आपला दिवस आनंदात जावो."

मग ती तशीच निघाली. गळ्यात माप घ्यायची पट्टी, पायात घरातल्या सपाता. वाटभर तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. धाकट्याला तिने लहानाचं मोठं केलं होतं, आई गेल्यावर भात भरवला होता, आणि आज आपल्याच जिभेने त्याच्या डोक्यावर मनोरा उभा केला होता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

गेटवरच्या पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"माझा भाऊ आहे आत," ती धापा टाकत म्हणाली. "मनोरा पडणार आहे."

"पडणार?" पहारेकरी पुढे झुकला. त्याने तिच्याकडे निरखून बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही गच्चीवाली तर नाही ना?"

"हो. आत सांगा कोणाला तरी..."

"म्हणजे शेवटी पाडतात तर!" त्याने आवाज खाली आणला. "मी बायकोला म्हणालो होतो. रोज पाडणार आणि रोज उभा करणार, नाही का? यंत्राने?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. एक गोष्ट तिला कळली. खरं सांगून या माणसाकडून काही होणार नव्हतं. तिने पदराने कपाळ पुसलं आणि त्याच्यासारखाच आवाज खाली आणला.

"आज चाचणी आहे," ती म्हणाली. "भेग कमानीला टेकली की मनोरा खाली बसणार. मोठे लोक वरून बघणार आहेत. आत एकही माणूस दिसता कामा नये. तुम्हाला कळवलं नाही?"

पहारेकऱ्याची मान ताठ झाली. "कळवलंय तर," तो घाईने म्हणाला आणि त्याने वॉकीटॉकी तोंडाशी धरली.

सगळं ऐकून पलीकडे सुपरवायझरने घसा खाकरला. मग त्याचा आवाज आला, "हो, हो. मला माहीतच होतं. काढतोच आहे सगळ्यांना."

भोंगा वाजला. माणसं बाहेर येऊ लागली, वेल्डर, सुतार, सिमेंटने पांढऱ्या झालेल्या बायका. सगळ्यांच्या तोंडावर सुट्टी मिळाल्यासारखा आनंद. पहारेकऱ्याने तेवढ्यात ग्रुपवर बातमी पोचवली असावी, कारण पत्र्याभोवती घुटमळणारे चाहते फोन उंचावत गेटपाशी गोळा होऊ लागले. ती येणारा प्रत्येक चेहरा बघत होती. रंगाने माखलेला डगला दिसला की पुढे व्हायची. दरवेळी दुसराच कोणी निघायचा.

सगळ्यांच्या मागून सुपरवायझर आला, हेल्मेट काखेत मारून.

"झाले सगळे," तो पहारेकऱ्याला म्हणाला.

"जुनं करणारा कुठाय?" तिने विचारलं. "दिवसपाळीचा?"

"तो होय? तो सकाळपासून माझ्या मागे लागला होता, वर जाऊन भेगेला नख लावून बघतो म्हणून. बहिणीने सांगितलंय म्हणे. शेवटी म्हटलं, जा बाबा एकदाचा. भोंगा ऐकून उतरलाच असेल."

नख लावायचं तर वर चढावं लागेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने उघड्या गेटातून बघितलं. बांबूंच्या परांचीवर, घड्याळाच्या तबकडीशेजारी धाकटा उभा होता. त्याचा हात भिंतीत कोपरापर्यंत गेला होता.

ती धावली तसा पहारेकऱ्याने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"ताई, आत नाही जायचं. चाचणी आहे."

"नाहीये चाचणी! मी खोटं बोलले, सोडा मला!"

"असंच म्हणावं लागत असेल तुम्हाला," तो समजूतदारपणे म्हणाला, आणि त्याने पकड घट्ट केली.

मग तिने हाक मारली. धाकट्याचं घरातलं नाव, लहानपणचं, जे कित्येक वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं, ते छाती फुटेस्तोवर ओरडली. वर धाकट्याने मान वळवली. त्याला रिकामं आवार दिसलं, टाकून दिलेली घमेली दिसली, गेटापलीकडे थांबलेली माणसं दिसली. त्याने हात बाहेर काढला आणि तो परांची उतरू लागला.

"अरे, हाच तो घंटेवाला!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "बाईचा बुवा केला की त्यांनी."

"अभिनय बघ काय करतोय. पाय कसे लटपटतायत."

तिने डोळे मिटले नाहीत. मिटले तर तो पडेल असं तिला वाटत होतं. तो शेवटच्या फळीवरून उडी मारून आला, अडखळला, उठला, आणि धावत गेटाबाहेर येऊन तिच्या अंगावर आदळला. पहारेकऱ्याने कौतुकाने वाट करून दिली.

"ताई," त्याचे दात वाजत होते, "आत हात जातो."

त्याची बाही कोपरापर्यंत करडी झाली होती. तिने तो हात दोन्ही हातांनी धरला, त्याला आपल्याकडे ओढलं आणि त्याचं डोकं खांद्यात दाबून ठेवलं. सपातांखालची जमीन हलली. मग आवाज आला, आणि मग धूळ.

धूळ बसायच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या. पहिल्यांदा पहारेकऱ्याने वाजवल्या, मग सुपरवायझरने, मग कामगारांनी आणि पत्र्याबाहेरच्या सगळ्यांनीच. तिच्या खांद्यात तोंड खुपसून धाकटा रडत होता, आणि मागून कोणीतरी मोठ्याने विचारत होतं,

"पुन्हा कधी आहे?"