भर दुपारचा मीटर

सोमवारी साचा कापायला जाणार होता. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात लोखंडाच्या ठोकळ्यात तो आकार एकदा कोरला गेला, की क्षमाच्या सायकल कॉम्प्युटरचं डबडं कायम तसंच राहणार होतं. मग एक बटण इकडचं तिकडे करायचं म्हटलं तरी जमणार नव्हतं. म्हणून त्या शनिवारी क्षमा पायाला भिंगरी लावल्यासारखी नव्या रायपुरातल्या आपल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात फिरत होती आणि तिचा भागीदार निरंजन तिला दर दहा मिनिटांनी बसायला सांगत होता. निरंजन तात्यापारा मोहल्ल्यातला, भोसल्यांच्या काळापासून रायपुरात मुरलेल्या घरातला. मराठी त्याला सगळी कळायची, तोंडातून मात्र हिंदीच निघायची.

यंत्र होतंही देखणं. हँडलवर बसणारा तळहाताएवढा रंगीत पडदा. बोटानं सरकवला की वेग, अंतर, चढ, छातीचे ठोके, नकाशा असं सगळं हजर. एकूण अकरा आकडे. त्यातला एकही क्षमाला सोडवत नव्हता. पंगतीत वाढणाऱ्या बाईला पानातली चटणीसुद्धा वगळवत नाही, तसं तिचं झालं होतं. वर्षभर दोघांनी रोज पहाटे पाचला इथल्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर ते चालवून पाहिलं होतं आणि एकदाही ते चुकलं नव्हतं. रायपूरचा सायकलवाला पाचला निघतो आणि साडेसातला घरी पोहे खात असतो. उन्हात सायकल काढणाऱ्याला इथं वेड्यात काढतात.

असा एक वेडा क्षमाच्या घरातच होता. तिचे वडील मारोतराव, मूळचे वर्ध्याकडचे, एकतीस वर्षं मालगाडीचं इंजिन हाकून निवृत्त झालेले. दर शनिवारी ते आपल्या उंच जुन्या सायकलवर अभनपुरला भाजी आणायला जायचे आणि ऊन डोक्यावर आल्यावर परतायचे. त्या सकाळी क्षमानं यंत्र त्यांच्या हँडलला बांधून दिलं. खरं सांगायचं तर तपासायला नाही, मिरवायला. बापानं लेकीचं कौतुक करावं, एवढाच हिशेब होता.

बाराच्या सुमाराला बाबा थेट ऑफिसात आले. उन्हाळाभर बाह्या दुमडून हिंडणारा माणूस आज मनगटापर्यंत बटणं लावून होता. पाणी प्यायले आणि म्हणाले, "फस्कलास मीटर आहे. काही बदलू नको." निरंजनचा जीव भांड्यात पडला. क्षमा तर हरखूनच गेली. बाबा कुठून कसे आले ते निरंजनला दाखवावं म्हणून तिनं यंत्र लॅपटॉपला जोडलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. अकरा वाजून बेचाळीस मिनिटांपर्यंत सायकल ताशी अठराच्या वेगानं छान चालली होती. मग चाळीस सेकंदांत पडद्याला चौदा वेळा बोट लागलं होतं. मग वेग एकदम शून्य, आणि पुढची नऊ मिनिटं शून्यच.

"बाबा, बाही वर करा," क्षमा म्हणाली.

कोपरापासून मनगटापर्यंत सालटी निघाली होती. तिनं विचारलं, काहून सांगितलं नाही? बाबांनी बाही पुन्हा खाली ओढली.

"तुहा साचा जाऊन राहिला न सोमवारी. मंग मी काहून तोंड उघडू?" ते म्हणाले. "उन्हात त्याच्यात मले माहंच तोंड दिसे. घामाचं बोट लावलं का भलतंच काही उघडे. मान किती वेळ खाली गेली, समजलंच नाही. वर पाहिलं तं समोर म्हैस. इंजिनात एकतीस वर्षं मान खाली घातली नाही मी, पोरी."

क्षमाला रडू आलं. आपण वर्षभर खपून जे केलं त्यानंच बापाला रस्त्यावर पाडलं, आणि बापानं ते आपल्यासाठी गिळलं, हे तिला सोसेना. डोळे पुसत तिनं विचारलं, इंजिनात मग तुम्ही कसं करत होता? बाबा खुर्चीत ताठ बसले. नजर समोर ठेवून त्यांनी हात हवेत नेला आणि तिथं नसलेला एक दांडा अचूक पकडला. प्रत्येक दांड्याची मूठ वेगळी असते, हाताला आपोआप कळतं, ते म्हणाले. डोळे सिग्नलवर ठेवायचे, सिग्नल दिसला की ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघांनी एकमेकांना ओरडून सांगायचा.

आणि इथं क्षमाच्या अंगात वारं शिरलं. ती धावत मोरीत गेली, कपड्याच्या साबणाच्या तीन वड्या घेऊन आली आणि चाकूनं कोरायला बसली. एक बटण गोल, एक लांबट, एक मधे खळगा असलेलं. बाबांना डोळे मिटायला लावून तिनं ती त्यांच्या अंगठ्याखाली धरली. पहिल्यांदा चुकले, तिसऱ्यांदा एकही चुकले नाहीत. तिनं विचारलं, अकरांतले कोणते आकडे लागतात? बाबा म्हणाले, स्पीड किती अन् घर किती दूर, बाकीचं लोणचं घालायचं काय? एरवी ती भांडली असती. आज तिनं नऊ आकडे एका दमात खोडले.

मग निरंजननं उठून जुन्या खोक्यातून एक काळापांढरा पडदा काढला, मनगटी घड्याळात असतो तसा, ऊन पडेल तसा जास्त स्पष्ट दिसणारा. तो खिडकीतल्या उन्हात धरून म्हणाला, "सिलतरा फोन मैं करता हूँ. सोमवार को कुछ नहीं जाएगा."

तीन आठवडे तिघांनी नुसता धुमाकूळ घातला. ऑफिसात साबणाचा इतका भुगा झाला, की झाडायला येणाऱ्या मायाताईंनी फरशी फुकटात धुतली जाते म्हणून खूश व्हायचं की रागवायचं ते ठरवायचं सोडून दिलं.

मग एका दुपारी बारा वाजता, मे महिन्याच्या उन्हात, बाप पुढे आणि लेक मागे असे दोघं निघाले.

"स्पीड?" क्षमा मागून ओरडली.

बाबांचा अंगठा हलला. नजर खाली जाऊन आली, पापणी लवते तेवढीच. "अठरा!"

"घर?"

"सहा!"

रिकाम्या रस्त्यावर दोघं घसा ताणून ओरडत होते आणि एका इमारतीचा चौकीदार उभा राहून बघत होता. सगळ्या वाटेत बाबांची मान सरळ होती. क्षमाच्या चेहऱ्यावरून घाम ओघळत होता आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं.

कडुनिंबाखाली ते थांबले. बाबांनी कपाळावरचा घाम पुसला. क्षमा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आता ते पुन्हा फस्कलास म्हणाले, तर सगळं मुसळ केरात. तिला खरं सांगणारं दुसरं होतं कोण?

"मधलं बटन लय जड आहे," बाबा म्हणाले. "अंगठा दुखते. अन् उतारावर आकडा थरथरते, वाचता येत नाही. हे असं कोण घेईल?"

क्षमाला इतका आनंद झाला, की ती सायकल तशीच आडवी टाकून धुळीत बसली आणि तिनं वही उघडली. "अजून?" ती म्हणाली. बाबांनी एक एक खोट बोटांवर मोजायला घेतली.