चोवीसशेची गोधडी

कोणी मला गोधडी म्हणतं, कोणी वाकळ. दोन्ही नावांना मी ओ देते. दारव्ह्याला रत्नप्रभा मॅडमच्या घरी पलंगाच्या पायथ्याशी घडी घालून ठेवलेली दिसते ना, ती मीच. आत्ताच गच्चीवरून ऊन खाऊन खाली आले आहे. अंग कसं खरपूस झालंय, घरात चहा ठेवलाय, म्हणजे बोलायला वेळ बरी आहे.

जन्माला येण्याआधी मी सहा साड्या होते. सगळ्या सुती, सगळ्या शाळेत जाणाऱ्या. मॅडम गणित शिकवायच्या, आधी फुलसावंगीला, मग इथे दारव्ह्याला. त्यामुळे माझ्या अंगात खडूची भुकटी मुरलेली होती आणि एका पदराच्या टोकाला तपासणीच्या लाल शाईचा ठिपका होता. मॅडम निवृत्त झाल्या आणि आम्ही कपाटात गेलो. त्या आता घरात सलवार-कुर्ता घालतात. आम्हाला कोणाला देऊन टाकायला त्यांचं मन होईना आणि नेसायला काही कारण उरेना.

एके दिवशी त्यांनी आम्हाला बाहेर काढलं, उन्हात झटकलं आणि म्हणाल्या, "अहो, या साड्यांची गोधडी शिवून घेते. फरहाना शिवते म्हणे आता."

मधुसूदनकाका म्हणजे मॅडमचे यजमान. सिंचन खात्यात आयुष्य काढलेला माणूस. पेपरमधून मान वर न करता ते म्हणाले, "घे शिवून. कापड आपलंच. सुई-दोऱ्याचाच काय तो खर्च."

पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून घडलं.

फरहाना ही मॅडमची जुनी विद्यार्थिनी. तिचा नवरा रहमत गाड्या दुरुस्त करतो. पुढे त्याचं गॅरेज आणि मागे दोन खोल्यांचं घर. फरहानाच्या हातात टाका माहेरापासूनचा. नात्यातल्या प्रत्येक बाळंतिणीला तिनं फुकट गोधड्या शिवून दिल्या होत्या. वर्षभरापासून ती बाहेरचं काम घेऊ लागली होती, पण पैसे मागायची वेळ आली की तिची जीभ टाळूला चिकटायची. 'द्या तुमच्या मनानं' एवढंच तिला म्हणता यायचं. आणि लोकांचं मन, तुम्हाला माहीतच आहे. एका बाईनं दोनशे रुपये आणि डझनभर केळी दिली होती. केळी पिकलेलीही नव्हती.

मॅडम आम्हाला घेऊन गेल्या तेव्हाही तेच झालं.

"किती घेशील फरहाना?"

"तुमच्याकडून काय घ्याचं मॅडम. द्या तुमच्या मनानं."

"बरं," मॅडम म्हणाल्या. दोघी हसल्या, चहा झाला आणि मॅडम घरी गेल्या.

फरहानानं आधी आम्हाला दोन पाण्यांतून काढलं, कारण अंगात स्टार्च राहिला तर सुई कुरकुरते. मग फरशीवर एकीवर एक अंथरलं. फुलसावंगीची विटकी निळी साडी सगळ्यांत खाली गेली, तिच्यावर विरलेल्या आणि सगळ्यांत वर मॅडमची लाडकी हिरवी. चार कोपऱ्यांवर रहमतच्या गॅरेजातले नट आवळायचे लोखंडी पाने ठेवले, कापड सरकू नये म्हणून. आधी लांब लांब कच्चे टाके. मग काठापासून आत, एकाला लागून एक, धावदोऱ्याच्या ओळी. माणसाचा जन्म एकदम होतो म्हणतात. माझा बोटा-बोटानं झाला.

रोज दुपारी जेवणं आटोपली की ती माझ्यावर बसायची. हो, माझ्यावरच, मोठी गोधडी शिवताना तिच्यावरच बसावं लागतं. पाठ दुखली की भिंतीला टेकायची, पुन्हा पुढे सरकायची. सहा पदरांतून सुई ओढताना बोटावरचं अंगुस्तान, ती धातूची टोपी, निसटायचं. असंच एकदा ते निसटलं आणि सुई बोटात शिरली. बोट टम्म सुजलं. डॉक्टरांनी ते चिरून पू काढला. आठवडाभर काम बंद.

त्या आठवड्यात रहमतनं विषय काढला. घरात दोघं अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी बोलतात.

"मॅडमले पैसे किती सांगितले तू?"

"सांगितले नाई. त्यांच्या मनानं देतीन."

"मी पंक्चर काढतो, तवा लोकं म्हनतात का, हवा त फुकटच असते?"

फरहानाला हसू आलं. पण रहमत हसत नव्हता.

"एवढे दिवस तू वावरात निंदाले गेली असती, तरी रोजचे तीनशे भेटले असते. वरून बोट कापलं. अन् तू केळ्यांची वाट पाहून राह्यली."

बोट बरं झालं, काम पुन्हा सुरू झालं आणि मी पाहिलं की ती शिवताना ओठ हलवतेय. आधी वाटलं, काही गुणगुणते आहे. कान देऊन ऐकलं तर ती भाव म्हणत होती. "मॅडम, पंधराशे." मग मान हलवायची. "मॅडम, दोन हजार." एक ओळ संपायची, दुसरी सुरू व्हायची. शेवटी माझ्या मधोमध आली तेव्हा ती चोवीसशेवर थांबली. चोवीसशे ती मला अनेकदा म्हणाली. कधी दबक्या आवाजात, कधी भांडल्यासारखं, कधी अगदी गोड. गोधडीपुढे भाव सांगणं सोपं असतं. गोधडी काही म्हणत नाही.

शेवटी कडेनं लाल गोट लावला आणि मी पूर्ण झाले. मॅडम आल्या. त्यांनी मला उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं. हिरव्या पदरावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"सुंदर झाली गं. किती देऊ?"

फरहाना म्हणाली, "मॅडम, चोवीसशे."

आवाज शेवटच्या अक्षराला जरासा चिरकला, पण आकडा पूर्ण बाहेर पडला. मी सहा पदरांच्या आत श्वास रोखून होते.

मॅडमचा हात माझ्यावरच थांबला. दुसऱ्या हातानं त्यांनी पर्स उघडली, आत पाहिलं. मग पर्स बंद करून म्हणाल्या, "बरं. येते मी," आणि निघून गेल्या. मला तिथेच सोडून.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मला घडी घालून पेटीवर ठेवलं होतं. फरहाना येता-जाता माझ्याकडे पाहायची नाही. रहमतचाही धीर सुटला.

"हजार सांगितले असते त घेऊन गेल्या असत्या. मीच तुले भरीस घातलं."

"भरीस घातलं नाई. मले वाटलं तेच सांगितलं."

"मग दुसऱ्या कोनाले इकून टाक."

"त्यांच्या साड्या मी कशी इकू?"

हाच तर पेच होता. दुसरी एखादी वस्तू असती तर बाजारात गेली असती. माझ्यातलं कापड मॅडमचं आणि टाके फरहानाचे. दोघींपैकी एकीलाही मला एकटीनं ठेवून घेता येत नव्हतं.

एका सकाळी फरहानानं मॅडमना फोन लावला. आवाज शांत होता, फार शांत. "मॅडम, पैशाचं राहू द्या. तुमच्या साड्या घेऊन जा. मी टाके उसवून ठेवते."

आणि फोन ठेवून तिनं खरंच कात्री घेतली.

मरण पाहिलंय असं गोधड्यांनी सहसा म्हणू नये. पण तिनं माझा एक कोपरा मांडीवर घेतला, लाल गोट कापला आणि पहिला दोरा ओढला, तेव्हा मला दुसरा शब्द सुचला नाही. एक ओळ सुटली. मग दुसरी. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात चालूच होता. शिवताना तिनं ज्या टाक्यांवर नख दाबून ते बसवले होते, तेच टाके आता ती कात्रीच्या टोकानं उचलत होती.

वीतभर कोपरा उसवला असेल, तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. मॅडम आत आल्या त्या धापा टाकतच. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. एक त्यांची, एक काकांची.

"कात्री ठेव आधी," त्या म्हणाल्या. वर्गात म्हणायच्या तशाच. फरहानानं कात्री ठेवली.

मॅडम तिच्यासमोर फरशीवरच बसल्या. "तुले काय वाटलं, मी रागावून गेली?"

"चूप निघून गेल्या तुम्ही."

"चूप गेली, कारण मले माझीच लाज वाटली. मी पर्समध्ये पाचशे घेऊन आली होती. मनात म्हटलं होतं, फरहाना तर आपलीच पोरगी, पैसे नकोच म्हणेल. तू चोवीसशे म्हटलं अन् मले पाचशेची नोट बाहेर काढता येईना."

फरहाना खाली मान घालून ऐकत होती.

"घरी गेली तर हे म्हणाले, चिंध्यांचे चोवीसशे होतात का. म्हटलं, विचारून तर पाहू. यवतमाळला गेली, दोन दुकानं पालथी घातली. एक म्हणाला, मशीनवर मारून देतो, अठराशे. दुसरा म्हणाला, हातानं कोणी करत नाही आता, आणि केलं तर चार हजारांच्या खाली नाही. परवा पेन्शन निघाली. आज येणारच होती मी, तर तुझा फोन."

"मले वाटलं, तुम्ही येतच नाई आता."

"मी फोन करायला पाहिजे होता, हे खरं. पण एक चूक तुझीपण आहे बरं. भाव आधी सांगायचा असतो, सुई हातात घ्यायच्या आधी. 'द्या तुमच्या मनानं' म्हणायचं आणि मनात चोवीसशे ठेवायचे, हे कसं चालेल? समोरच्याच्या मनात पाचशेच येतात, फरहाना. माझ्या मनात आले ना."

फरहाना रडता रडता हसली. रहमत पुढून चहा घेऊन आला आणि मॅडमच्या पायांकडे पाहून त्यानं चटकन मान वळवली. त्यालाही हसू आवरत नव्हतं.

मॅडमनी पैसे मोजून दिले. मग म्हणाल्या, "आता पन्नास तरी परत दे. नाहीतर घरी गेल्यावर हे म्हणतील, भाव केलाच नाही."

"पन्नास देते मॅडम. पन हा कोपरा मंग तुम्ही शिवा."

आणि मॅडमनी तो शिवला. त्यांचे टाके वाकडे पडले, एक लांब, एक आखूड. पांढरा दोरा संपला होता म्हणून पिवळा वापरला. फरहाना शेजारी बसून होती, पण एकही टाका तिनं सुधारला नाही. माझा तो कोपरा बाकीच्या अंगापेक्षा वेगळा दिसतो. त्याची मला मौज वाटते.

मॅडमच्या घरी आल्यावर काका पहिले चार दिवस माझ्याकडे संशयानं पाहत होते. मग थंडी पडली. दारव्ह्याची डिसेंबरची सकाळ म्हणजे काय, ते इथल्या माणसांना सांगायला नको. एका सकाळी त्यांनी "जरा पाहतो" म्हणत मला खांद्यावर ओढलं आणि पेपर वाचायला बसले. पेपर संपला, चहा संपला, आंघोळीचं पाणी निवलं, तरी त्यांनी मला सोडलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात रोज भांडण होतं. मॅडम म्हणतात, साड्या माझ्या. काका म्हणतात, थंडी माझी.

मागच्या आठवड्यात शेजारच्या बेबीताई आल्या. त्यांनी मला हातात घेऊन टाके पाहिले, मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "भाऊजी, केवढ्याले पडली?"

काका जराही अडखळले नाहीत. "तीन हजार," ते म्हणाले. "आणि स्वस्तात पडली. हातकाम आहे."

आत स्वयंपाकघरात मॅडमच्या हातून झारा खाली पडला.

बेबीताई सरळ फरहानाकडे गेल्या. तिथे काय झालं, ते त्यांनीच परत येऊन सांगितलं. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं, तशी फरहाना म्हणाली, "बसा ताई. आधी भाव ऐका, मंग गाठोडं सोडा. सहा साड्यांचे अठ्ठावीसशे. मधात जरीची साडी असन त जास्त, नायलॉनची मी घेत नाई, सुईखाली सरकते. अर्धे आज, अर्धे नेतानी." बेबीताईंनी तासभर घासाघीस केली, दोन चहा घेतले आणि गाठोडं सोडलं. आता तिच्याकडे उन्हाळ्यापर्यंत काम आहे. माझ्या मागून येणाऱ्या बहिणी माझ्यापेक्षा महाग आहेत, आणि मला त्याचं तसूभरही वाईट वाटत नाही.

तर बाबांनो, माझं म्हणणं एवढंच. तुमच्या कपाटातही साड्या असतील, आणि तुमच्या गावातही एखादी फरहाना असेल. तिच्याकडे जा. 'सुई-दोऱ्याचाच तर खर्च' असं म्हणू नका. सुई पंधरा रुपयांत पाकीटभर मिळते, पण ती आपणहून चालत नाही. भाव आधी विचारा, पटला तर द्या, नाही पटला तर भांडा, पण चूप निघून जाऊ नका. आणि बायांनो, तुम्ही शिवत असाल, तर तुमचा आकडा मोठ्यानं सांगा. आवाज चिरकला तर चिरकू द्या.

काका आलेच. आत्ता मला ओढतील. दिवस मावळतीला लागला की त्यांना मी लागतेच. या कधी दारव्ह्याला. मला हात लावून पाहा आणि खुशाल किंमत विचारा. काका सांगतील ती ऐकून घ्या. या महिन्यात ती कितीवर गेली आहे, मलाही उत्सुकता आहे.