सतरा नंबरचा डबा

"सतरा नंबर घसरतोय," आमचा आकडेवाला म्हणाला.

आकडेवाला म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला आकडेमोडीचा माणूस. तो कधी कुणाच्या टेबलापाशी येऊन बसत नाही. आज खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला होता. मी म्हणाले, "कंटाळलं असेल पोर."

"कंटाळलेलं मूल कसंही चुकतं. हे तसं नाही. वस्तू आठवतात, पण क्रम हरवतो. अकरा आठवडे झाले, दर आठवड्याला थोडं थोडं. बाकी एकसष्ट मुलं वर चाललीयेत. घरी कळवायला हवं."

हे आकडे ज्या खेळातून येत, तो खेळ माझाच. मी मूळची आहारशास्त्राची. शाळाशाळांत जाऊन मुलांची ताटं तोलायचे, जेवणाआधी आणि जेवणानंतर. लोह कमी पडलं की मुलांचं लक्ष उडतं हे कळलं, मग ते उडून जातं कुठे हे बघायला मेंदूकडे वळले. मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या तारांच्या टोप्या घातल्या की मुलं एक तर रडायची, नाहीतर झोपायची. शेवटी खेळ बनवला. पडद्यावरचं माकड अंडं, केळं, गाजर असे पदार्थ एकेक करून दाखवतं, ते लपतात, आणि मुलाने त्याच क्रमाने माकडाचा डबा भरायचा. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करणारे माझे बाबा तेव्हा म्हणाले होते, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" मी दोन दिवस बोलले नव्हते. चिडायला मला फार काही लागत नाही.

कुठल्या नंबरामागे कोण, हे फक्त मला माहीत. त्यासाठी नावांची यादी ठेवलेलं कपाट उघडायचीही गरज नव्हती. सतराचा आकडा चिकटवलेला टॅब आमच्या घरी होता. एक मूल मधूनच सोडून गेलं, जागा भरायची होती, तर मी माझी मुलगीच बसवली. असं करायचं नसतं. मी केलं.

"कळवते," एवढंच मी बोलले आणि पर्स उचलली.

मन चिंती ते वैरी न चिंती. नऊ वर्षांच्या मुलीची स्मरणशक्ती अशी घसरते तेव्हा काय काय असू शकतं, ते इतर आयांना माहीत नसतं. मला पाठ होतं. सिग्नलपाशी मी ती यादी मनात म्हणत राहिले आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या. गेल्या आठवड्यात ती डबा शाळेत विसरली होती. तिचा एक मोजा सापडत नव्हता. परवा तिने मला चुकून मावशी म्हटलं होतं, आणि मी मूर्खासारखी हसले होते!

घरी ती पाय हलवत गृहपाठ करत होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"आकडे सांगते, उलटे म्हण. चार, नऊ, दोन, सात, एक."

"एक, सात, दोन, नऊ, चार. आई, तुला काय झालंय?"

"टॅब आण. माझ्यासमोर खेळ."

तिचा चेहरा पडला. तिने टॅब आणला, माकडाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "सुरू कुठून करायचं?"

रोज खेळणारी पोर खेळ सुरू करायचाच विसरली! मी तिचे खांदे धरले, बहुतेक फार घट्ट.

"ओरडू नकोस ना!" ती रडायला लागली. "आजोबा खेळतात माझ्याऐवजी. पहिल्यापासून. तुझं माकड बोअर आहे."

माझा जीव भांड्यात पडला. मी हसले, तिचे पटापट पापे घेतले. मूल खेळताना जवळ कुणी थांबू नये, हा नियम मीच लिहिलेला. रोज संध्याकाळी ती टॅब घेऊन बसली की खोलीचं दार मीच ओढून घ्यायचे. मग हसता हसता मला सतरा नंबरचा तो घसरता आलेख आठवला. तो काही वर गेला नव्हता.

बाबा आतल्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. डोळ्याला भिंग, पुढ्यात एक उघडलेलं घड्याळ, बाटलीच्या झाकणात त्याची चाकं.

"पकडली वाटतं चोरी," ते म्हणाले.

"बाबा, का खेळता तुम्ही?"

"मध्ये एक घड्याळ उघडलं. चाकं काढली, पण बसवताना आधी कुठलं तेच सुचेना. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. कुणाला बोललो नाही. मग तू जेवताना सांगितलंस, या खेळाने मुलांचं लक्षात राहणं सुधारतं. म्हटलं, लेकीचंच औषध आहे, घेऊन बघू." त्यांनी भिंग काढलं. "तुला आकडे दिसतात ना? सुधारतंय का गं?"

खोटं बोलायला मी तोंड उघडलं होतं. पण घड्याळ दुरुस्त होणार नसेल, तर बाबांनी गिऱ्हाइकाला कधी ताटकळत ठेवलं नाही, ते मी लहानपणापासून बघितलंय. इतकी भीती मला मुलीसाठीही वाटली नव्हती, कारण तेव्हा अजून आशा होती.

"नाही, बाबा. कमी होतंय. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येते बरोबर."

त्यांनी झाकणातलं एक चाक चिमट्यात उचललं आणि परत ठेवलं.

"आणि मुलांचं? त्यांचं सुधारतंय?"

"हो. सगळ्यांचं."

"मग सतरा नंबर काढून टाक," बाबा म्हणाले. "माझ्यापायी तुझं गणित चुकायला नको."